बडोद्यात राहून घरी बिअर करायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

रावपुऱ्याचा_राव

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. गेले काही महिने मी रात्री जेवण झालं की लोक घरी बिअर कशी करतात त्याचे व्हिडिओ बघत बसतो आणि आता हात शिवशिवायला लागलेत. मला पिण्यात फारसा रस नाहीये (हसू नका, खरंच नाहीये) पण ती जी प्रोसेस आहे ना, धान्याला मोड आणायचे, वाळवायचं, ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवायचं, मग उकळी, मग यीस्ट, त्यात मी पुरता अडकलोय. केमिकल इंजिनिअर आहे, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) दिवसभर पंप आणि व्हॉल्व, त्यामुळे घरी काहीतरी स्वतःच्या हातानं करावं असं वाटतं.

आता घोळ असा की राहतो बडोद्यात, म्हणजे गुजरातच्या दारूबंदीत, पुढचं सांगायलाच नको. पण मोठा भाऊ टोरांटोजवळ असतो, सप्टेंबरात महिनाभर त्याच्याकडे जातोय आणि तो म्हणतो ये, एक बॅच इकडे लावू. त्यालाही काही येत नाही, उत्साह मात्र दांडगा. तर विचारायचं असं की तोपर्यंत इथे कायद्यात राहून काय काय शिकता येईल, तिथे गेल्यावर काय विकत घ्यायचं आणि काय उगाच घ्यायचं नाही. आणि माझ्या काकांकडे हेल्थ परमिट (तब्येतीच्या कारणावर दारू प्यायचा सरकारी परवाना) आहे, त्या परमिटवर घरी थोडीशी करून बघितली तर चालतं का? शेवटचा प्रश्न आईचा आहे, तिला वाटतं घरी केलेलं प्यायलं की डोळे जातात.

कोठीवरचा_वकील

परमिटचं आधी सांगतो कारण त्यात लोक हमखास फसतात. परमिट हे विकत घेऊन पिण्याचं असतं, तेही ठरवून दिलेल्या कोट्यात. तयार करण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. १९४९ चा जो मुंबई दारूबंदी कायदा तोच आपल्याकडे चालत आला, २०११ मध्ये त्याचं नाव बदलून गुजरातचं केलं एवढंच. त्यात 'लिकर'ची व्याख्या बघशील तर बिअर, वाईन, ताडी वगैरे नावं घेऊन शेवटी सरळ लिहिलंय की अल्कोहोल असलेले सगळे द्रव पदार्थ. किती टक्के ते नाही. आणि दारू करायच्या हेतूनं सामान, भांडी जवळ ठेवणं हाही गुन्हाच. शिक्षा आधी तीन वर्षांपर्यंत होती, २०१६ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षांपर्यंत गेली, दंड पाच लाखांपर्यंत. पेपरात रोज वाचतोस ना, अमुक ठिकाणी इतके लिटर वॉश नष्ट केला म्हणून, तो वॉश म्हणजे आंबत ठेवलेलं गुळाचं पाणीच असतं, त्यातून अजून दारू गाळलेलीही नसते. तुझी बादलीभर बिअर पोलिसाला त्यापेक्षा वेगळी दिसणार नाही, तू केमिकल इंजिनिअर असलास म्हणून तर आणखीच दिसणार नाही.

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०२३ च्या शेवटी जी सूट दिली ती तिथल्या हॉटेलात बसून पिण्यापुरती आहे, त्याचा हवाला देऊ नकोस. भावाकडे जाऊन कर, मस्त कर.

इंदोरी_भिया

अरे भिया कशाला कॅनडा, इंदूरला ये ना, रात्रीची ट्रेन पकड, सकाळी पोहे-जिलबी खा आणि दुपारी बादली लाव, आमच्याकडे बंदी-बिंदी काही नाही 😄

कोठीवरचा_वकील

भिया, तुमच्याकडे विकत घेऊन प्यायला बंदी नाही, बनवायला लायसन लागतंच. मध्य प्रदेशचा १९१५ चा आबकारी कायदा आहे, मादक द्रव्याचं उत्पादन लायसनशिवाय नाही. आदिवासींना मोहाच्या दारूची घरगुती वापरापुरती सूट आहे, ती तुला-मला नाही. पोहे खायला मात्र जरूर येऊ.

मास्तरीणबाई_निझामपुरा

राव, मी कॉलेजात फूड सायन्स शिकवायचे, आता निवृत्त आहे, म्हणून हे वाचून हात आवरला नाही. एक गोष्ट ध्यानात घे, यीस्ट पडेपर्यंत बिअरमध्ये अल्कोहोलचा थेंबही नसतो. आणि यीस्ट पडायच्या आधीचं जे काम आहे ते निम्म्याहून जास्त आहे, खरं तर मला तेच जास्त सुंदर वाटतं. तेवढं तू बडोद्यात बिनधास्त करू शकतोस.

आपल्या घरात लहान मुलांसाठी नाचणीचं सत्त्व करायचे आठवतं का, भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा. माल्टिंग म्हणतात ते हेच. बिअरला जव घेतात. दाण्याला मोड आला की तो आतला स्टार्च फोडायला स्वतःच एन्झाइम तयार करतो, आपण त्याला योग्य वेळी वाळवून थांबवतो, एन्झाइम शाबूत राहतं आणि स्टार्चही बराचसा तसाच शिल्लक राहतो.

जव घेताना दोन गोष्टी बघ. किराण्यातलं पांढरं, पॉलिश केलेलं बार्ली नको, त्याला मोड येत नाही, सालासकट अख्खं जव हवं. नवरात्रात जवारा पेरायला जे देतात ते चालेल, पण बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी-निळसर दिसत असेल तर हात लावू नकोस, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. आठ तास पाण्यात, आठ तास निथळून, परत आठ तास पाण्यात, मग ओल्या फडक्यात पसरून रोज एक-दोनदा हलवायचं. मोडासाठी पंधरा ते वीस डिग्री हवी, म्हणजे हे काम आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत करायचं, मे महिन्यात मोडाऐवजी बुरशी येते आणि घरभर वास. मुळं बाहेर येतातच, त्यांच्याकडे बघू नकोस, दाणा नखानं उभा चिरून आतला कोंब बघ, तो दाण्याच्या पाऊण लांबीला आला की थांब. मग गच्चीवर उन्हात वाळव, पन्नास डिग्रीच्या वर जाऊ देऊ नकोस, पूर्ण कडक झालं की हातानं चोळून मुळं पाखडून टाक.

आता गंमत. पाव किलो माल्ट मिक्सरमध्ये दोन-तीन झटके देऊन भरडून घे, पीठ करू नकोस, साल अख्खी राहिली पाहिजे कारण पुढे तीच गाळणी होते. पाऊण लिटर पाणी बहात्तर डिग्रीच्या आसपास तापव, त्यात भरडा घाल, ढवळलं की साधारण सहासष्टवर येतं. पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये झाकून एक तास. सुरुवातीला चमचाभर पाणी बशीत काढून टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाक, काळंनिळं होईल, म्हणजे स्टार्च आहे. तासाभरानं परत टाक, आयोडीन आपल्या तपकिरी रंगावरच राहील. स्टार्चची साखर झाली. चाखून बघ, पण आयोडीनची बशी फेकून द्यायची, ती चाखायची नाही, हे मला वर्गात दर वर्षी सांगावं लागायचं. तापमान बासष्टला ठेवलंस तर जास्त साखर अशी तयार होते जी यीस्ट पूर्ण खाऊ शकतं, त्यामुळे बिअर हलकी, कोरडी होते, अडुसष्टला ठेवलंस तर जड, गोडसर. पंचाहत्तरच्या वर गेलास की एन्झाइमचा कारभार आटोपला. हा एवढा खेळ तू दर रविवारी करू शकतोस आणि तिकडे गेल्यावर तुला कुठल्याही किटच्या कागदावरचं वाक्य समजेल.

गाळून आलेलं गोड पाणी त्याच दिवशी उकळून, दुधात घालून पिऊन टाक. ठेवून देऊ नकोस, बडोद्याच्या हवेत यीस्ट न बोलावता येतं आणि मग वकीलसाहेबांचं खातं सुरू होतं.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तरी

मस्त थ्रेड. राव तू आल्याची बिअर का नाही करत, जिंजर बग म्हणतात ते, बरणीत किसलेलं आलं साखर पाणी, रोज थोडं थोडं घालायचं, तीन-चार दिवसात फसफसायला लागतं, माझी बहीण पुण्याला करते, एकदम झकास, दारू-बिरू काही नसते त्यात

कोठीवरचा_वकील

असते. थोडी असते पण असते, आणि व्याख्या वर लिहिलीच आहे.

मास्तरीणबाई_निझामपुरा

वकीलसाहेब बरोबर सांगताहेत. आल्यातली यीस्ट साखर खाऊन गॅसबरोबर अल्कोहोल करतेच, जास्त दिवस ठेवलं तर चांगलं चढतंसुद्धा, इंग्लंडात जुन्या काळी आल्याची बिअर ही खरीखुरी बिअरच होती. नीरेचं बघा ना, सकाळी नीरा, ऊन चढलं की ताडी, फरक फक्त तासांचा.

बाबाजीपुरा_टू_टोरांटो

राव, मी मूळचा बाबाजीपुऱ्यातला, आता टोरांटोजवळ, घरी बिअर करतो त्यामुळे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं मी बघतो. इथे स्वतःसाठी घरी बिअर करायला परवानगी आहे, विकायची नाही, आणि दारू गाळायची म्हणजे डिस्टिल करायची अजिबात नाही, ते इथेही बेकायदा आहे. अमेरिकेत तर ही परवानगी १९७८ मध्ये कार्टरनं सही केली तेव्हा मिळाली, त्याआधी तिकडेही लोक चोरूनच करायचे.

आधी वेळेचं गणित. तुझ्याकडे एक महिना आहे. आंबवायला दोन आठवडे आणि बाटलीत गॅस धरायला आणखी दोन. म्हणजे उतरल्या उतरल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बॅच लावली पाहिजे, आधी नायगारा बघू मग लावू असं केलंस तर तू परत बडोद्याला आणि भाऊ एकटा पितोय असं होईल. म्हणून भावाला सामान आधीच आणून ठेवायला सांग. पहिल्यांदा धान्यापासून करू नका, माल्ट एक्स्ट्रॅक्ट मिळतो, घट्ट काकवीसारखा किंवा पावडर, तो घ्या. मास्तरीणबाईंनी सांगितलेलं तासाभराचं काम त्यात झालेलं असतं. बाईंना राग येईल पण पहिल्या बॅचला एका वेळी एकच गोष्ट सांभाळायची असते.

सामान म्हणजे मोठं पातेलं, झाकणाची फूड ग्रेड बादली आणि तिच्यावर एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडतो, हवा आत येऊ देत नाही), सायफनची नळी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायला), बाटल्या. गार करायची तांब्याची चकचकीत गुंडाळी, स्टीलचा टाकीवजा फर्मेंटर, मोबाइलला जोडायचा सेन्सर, यातलं काही घेऊ नकोस, दुकानदार गळ्यात मारतील. वीस लिटरऐवजी दहा लिटर करा, दोन माणसांना पुष्कळ होते. पैसे खर्च करायचेच असतील तर एका गोष्टीवर करा, चांगलं नो-रिन्स सॅनिटायझर, फॉस्फोरिक ॲसिडवालं, लिटरला दीड मिलीच्या आसपास लागतं. भांडं आधी घासून स्वच्छ, मग हे. घाण भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग नसतो, लोक इथेच चुकतात. उकळी बंद केल्यानंतर वर्टला (यीस्ट पडायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) जे जे लागणार, नळी, चमचा, झाकण, तुझा हात, सगळं त्यात बुडालं पाहिजे. फेस राहिला तर राहू दे, तो धुवायला जाऊ नकोस, नळाचं पाणी लागलं की केलेलं सगळं वाया.

करायची रीत म्हटली तर सोपी आहे. एक्स्ट्रॅक्ट पाण्यात विरघळवून एक तास उकळी, हॉप्सचा (एका वेलीची कडवट, वासाची फुलं) एक भाग सुरुवातीलाच घालायचा, त्यानं कडूपणा येतो, दुसरा शेवटच्या पाच मिनिटांत, त्याचा वास राहतो. मग पातेलं बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून लवकरात लवकर वीसवर आणायचं. बादलीत ओतताना उंचावरून धबाधबा ओत, यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो. आणि त्यानंतर उलट, एकदा आंबायला लागलं की परत हवा लागू द्यायची नाही, ढवळायचं नाही, नाहीतर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. सुकं एल यीस्ट (थंडी न लागणाऱ्या बिअरचं) घे, अकरा ग्रॅमच्या आसपासचं पाकीट येतं, वीस लिटरला पुरतं, तुम्ही दहाला अख्खं टाकलंत तरी बिघडत नाही. पावाचं यीस्ट नको, बिअर होते पण चव पावाचीच येते.

तापमान हाच खरा खेळ आहे. अठरा ते वीस. यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, खोली वीस असेल तर बादलीच्या आत बावीस-चोवीस असू शकतं, म्हणून बेसमेंटच्या गार कोपऱ्यात फरशीवर ठेव. लागरच्या (थंडीत आंबवायच्या बिअरच्या) नादाला आता लागू नकोस, त्याला आठ-दहा डिग्री आणि मोठा संयम लागतो. उन्हाळ्यात माझा आवडता प्रकार म्हणजे नॉर्वेच्या खेड्यांतलं क्वाइक यीस्ट, तीस ते अडतीस डिग्रीत मजेत काम करतं. बडोद्याच्या हवेसाठीच जन्माला आलंय आणि बडोद्यात वापरता येत नाही, नशीब एकेकाचं.

संपलं का हे एअरलॉकच्या बुडबुड्यावरून ठरवायचं नाही. हायड्रोमीटर. सुरुवातीला १.०४८ आला आणि नंतर दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा १.०१० आला तर संपलं. दोन्हीतला फरक गुणिले १३१, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास. गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर टाकू नकोस, आकडा खोटा कमी येतो. आणि पूर्ण संपायच्या आत बाटलीत भरलंस तर त्या बाटल्या फुटतात, अक्षरशः काचा उडतात. म्हणून पहिल्यांदा काचेच्या बाटल्याच नकोत, प्लास्टिकच्या जाड सोड्याच्या बाटल्या घ्या, लिटरला सहा-सात ग्रॅम साखर आणि झाकण घट्ट. रोज दाबून बघायचं, दगडासारखी कडक झाली की गॅस भरला. बाटल्या अंधारात ठेव, हॉप्सवर ऊन पडलं की अर्ध्या दिवसात घाण वास मारतो.

आईला सांग, डोळे जातात ते मिथेनॉलनं. लठ्ठाकांडं (विषारी दारूनं माणसं मरतात ती) होतात ती बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथाइल दारू म्हणून विकल्यामुळे होतात, २०२२ ला बोटादला तेच झालं. जवाच्या बिअरमध्ये आपण काही गाळत नाही, मिथेनॉल नगण्यच असतं. बिअर बिघडली तर आंबट होईल, लोण्यासारखी किंवा कच्च्या सफरचंदासारखी लागेल, तोंड वाकडं होईल, डोळे शाबूत राहतील.

रावपुऱ्याचा_राव

बाप रे, दादा, ताई, वकीलसाहेब, काय लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी, दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं, तिचं समाधान झालं पण आता ती म्हणते नाचणीच्या मोडाचं मलाच विचारायचं होतंस ना. परमिटचा विषय बंद. जवाचं डिसेंबरापर्यंत थांबावं लागणार म्हणजे कॅनडाच्या नंतर, मग आत्ता उन्हाळ्यात काय करू? हॉप्सची चव कशी असते तेच मला माहीत नाही, आयुष्यात वास घेतलेला नाही.

मास्तरीणबाई_निझामपुरा

जवाच्या मोडाला डिसेंबर लागतो, मॅशला, म्हणजे भरडा गरम पाण्यात ठेवायला, नाही. तयार माल्टचे दाणे ऑनलाइन मिळतात, ते मागव आणि कॅसरोलचा खेळ या रविवारीच कर. एक कॅसरोल बासष्टला, एक अडुसष्टला, दोन्हीची चव शेजारी शेजारी घेऊन बघ. आईला बोलाव.

बाबाजीपुरा_टू_टोरांटो

आणि हॉप्ससाठी हॉप वॉटर कर! इकडे हल्ली दुकानात कॅन मिळतात त्याचे, अल्कोहोल शून्य, कारण यीस्टही नाही आणि साखरही नाही. हॉप्सच्या गोळ्या ऑनलाइन मिळतात, आपल्याकडे हिमाचलात लाहौलला पिकतातही. एका पातेल्यात लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हॉप्स अर्धा तास उकळ. दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद कर, ऐंशीच्या खाली आलं की तेवढेच हॉप्स घालून वीस मिनिटं झाकून ठेव. दोन्ही गार करून गाळ आणि चाख. पहिलं तोंड वाकडं होईल एवढं कडू, दुसऱ्यात संत्र्याच्या सालीसारखा, गवतासारखा, कधी आंब्यासारखा वास, कडूपणा थोडाच. कडूपणा उकळीनं का येतो हे मग कुणी समजावायला लागत नाही. दुसऱ्यात लिंबू पिळ, फ्रिजमध्ये गार कर, वरून सोडा. बडोद्याच्या बेचाळीस डिग्रीत याच्यासारखं काही नाही.

गाळलेला चोथा मात्र नीट कचऱ्यात बांधून टाक, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, गल्लीतल्या भुंकणाऱ्यांनी खाल्ला तर मरूही शकतात.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तरी

हे हॉप वॉटर सेवउसळीबरोबर कसं लागेल?

बाबाजीपुरा_टू_टोरांटो

कडू आणि तिखट एकत्र आलं की तिखट जास्त झोंबतं, तरी कमी घे.

सेवउसळ_एक्स्ट्रा_तरी

तरी कमी शक्य नाही. सोडा जास्त घालतो.

कोठीवरचा_वकील

राव, एकच राहिलं. परत येताना भावानं कौतुकानं दोन बाटल्या बॅगेत घातल्या तर विमानतळावर उतरायच्या आधी बॅग उघडून बघ. फोटो आण, रेसिपीची वही आण, बाटली तिकडेच ठेव.